आपल्या माणसाची काच

प्रयोगशाळेत ताईंचा दरारा असा, की त्यांनी काच बघून आकडा सांगितला की पुढे कुणी तोंड उघडत नसे. जठराच्या कर्करोगाची गाठ काढली, की तिचा पातळ काप काचेवर चढवायचा, त्यावर रंग घालायचा आणि एक ठरावीक प्रथिन त्यात किती आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. प्रथिन जास्त, तर तपकिरी रंग गडद. फिक्याला एक, गडदला तीन. तीन म्हणजे दुखणं उलटण्याची भीती मोठी, म्हणून डॉक्टर त्या माणसाला दर दोन महिन्यांनी तपासत. एकवाल्याला सहा महिन्यांनी बोलवत.

काचेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. आणि आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही, हा तिथला नियम. नव्या मुलींना तो ताईच दम देऊन शिकवायच्या. शिकवणारीनेच तो मोडावा, आता याला काय म्हणावं!

धाकट्या भावाची गाठ काढली त्या दिवशी नमुन्याची नोंद ताईंनीच केली होती. नंबर डोक्यात पक्का बसला. आठवड्याने तीच काच समोर आली. ती शेजारच्या टेबलावर सरकवायची, एवढंच करायचं होतं. पण आईमागे त्याला लहानाचा मोठा केला होता त्यांनी. हात काही पुढे होईना. त्यांनी डोळा लावला आणि रंग त्यांना फिका दिसला. जाणूनबुजून खोटं लिहिलं असतं तर एक वेळ परवडलं असतं हो. त्यांना तो खरंच फिका दिसला. त्यांनी एक लिहिला.

प्रत्येक काच दोघांनी वाचायची पद्धत. दुसरे वाचणारे सगळ्यांच्या चुका काढत, म्हणून त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी तीन दिले. मग दोघं मिळून पुन्हा पाहायला बसले. मास्तर म्हणाले, कडेला बघा, चांगला गडद आहे. ताई फणकारल्या, कडेला रंग साचतोच, इतकी वर्षं मी काय इथे गवत उपटत होते? मास्तरांनी हात टेकले. अहवालात एक गेला.

भावाच्या घरी आनंदीआनंद झाला. सहा महिन्यांनी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तर हा पठ्ठ्या आठव्या महिन्यात उगवला. ताईने पाहिलंय, मग घाई कशाला? तोवर दुखणं यकृतात पोचलं होतं.

त्या दिवशी ताईंनी कपाटातून ती काच पुन्हा काढली. कडेलाच काय, मधोमधसुद्धा गडद तपकिरी. शाळकरी पोरानेही तीन सांगितले असते.

आधी कळलं असतं तर तो वाचलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. ती काच कुणाची ते कळल्यावर मास्तरही तेच म्हणाले, आणि बिचाऱ्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. पण ताईंच्या जिवाला चैन पडेना.

शेवटी एका दुपारी त्या भावाच्या खाटेशी बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. नंबर ओळखला ते, मास्तरांना गप्प बसवलं ते. रडायचं नाही असं ठरवून गेल्या होत्या, ते काही जमलं नाही. भावाने उशाजवळचा रुमाल त्यांच्यापुढे केला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"तिला कळायला नको?"

"मी गेल्यावर तिला तुझ्याशिवाय आहे कोण? तुझ्यावरचा विश्वास उडाला, तर ती जाईल कुठे?"

तेवढ्यात भावजय कोमट पाण्याचा पेला घेऊन आली. ताईंचे डोळे पाहून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, तुम्ही काच पाहिलीत, म्हणून इतके महिने तरी आम्ही निवांत झोपलो," ती म्हणाली.

ताईंनी तिच्या हातातून पेला घेतला आणि मान हलवली.