चोवीस जागा, एक सायकल

मी फक्त एक पत्रा मागितला होता. सहा वर्षांपूर्वीच्या माझ्या अर्जात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे: "जिन्यामागे मी सायकल लावते तेथे वरून पाणी गळते व सीट भिजते, तरी एक पत्रा टाकून मिळावा." अर्ज दिला आणि मी विसरून गेले. कार्यालय मात्र विसरलं नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि ज्याच्या हाती पडला त्यानं त्यात थोडी थोडी भर घातली. सहा वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याचा चोवीस सायकलींचा सुरक्षित निवारा झाला होता.

आमच्याकडे पाण्याचे मीटर तपासतात. घराघरांतून काढलेले मीटर येतात, मी ते बाकावर ओळीनं जोडते, मोजून पाणी सोडते आणि काटा खरं बोलतो की खोटं ते बघते. खरं बोलणाऱ्याला तार ओवून शिशाचं सील लावायचं. पक्कड दाबली की शिशावर कार्यालयाचा आणि माझा क्रमांक उठतो. सील लावलं म्हणजे शब्द दिला. बावीस वर्षांत नोंदवहीत कारण लिहिल्याशिवाय मी एकही सील तोडलेलं नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा लहानपणापासूनचा नेम, तेव्हा नोकरीही नेमाला साजेशीच मिळाली म्हणायची. पहाटे दिवा लावताना देवाकडे एवढंच मागते, की आज खरं बोलण्याची वेळ आलीच तर ती साहेबांसमोर न येवो.

निवारा बघण्यासारखा झाला होता. जाळीच्या भिंती, वर कमानीचं छप्पर, दोन कॅमेरे, हवा भरायला पंप, कुलपाचं दार आणि दारात खुर्ची टाकून सुभेदार. हे आमचे गेटवरचे जुने पहारेकरी. सैन्यातून आले म्हणून सगळे सुभेदार म्हणतात. आत एक ते चोवीस क्रमांकांची स्टँड आणि प्रत्येकाचा पितळी बिल्ला. कार्यालयात माणसं एकतीस आणि सायकल एक. माझी. बाकीच्यांच्या मोटारसायकली शेजारीच उन्हात तापत उभ्या असायच्या आणि त्यांचे मालक येता-जाता माझ्या सायकलीकडे, घरात नव्यानं आलेल्या सुनेकडे बघावं तसे बघायचे.

"नाव?" पहिल्या दिवशी सुभेदारांनी वही उघडून विचारलं.

"अहो, बारा वर्षं रोज 'ताई, आलात का' म्हणता मला."

"ते गेटवर. इथे नाव लागतं."

दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशीही. "रोज काय विचारता, सुभेदार?" म्हटलं, तर म्हणाले, "सायकल रोज येते, म्हणून रोज विचारतो. हा घ्या, आज नऊ नंबर."

"काल तर चार होता."

"सगळे वापरात राहिले पाहिजेत. नाहीतर पितळ काळं पडतं."

याच सुमारास अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच राहतो. तिचा एक डोळा केव्हाच गेलेला, त्यामुळे हा दुसरा म्हणजेच तिचं सगळं जग. त्यात तिचे हात कापतात, थेंब तिचे तिला घालता येत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं: सहा आठवडे, दिवसातून चार वेळा, दुपारचा एकचा थेंब अजिबात चुकवायचा नाही. घर चार किलोमीटरवर, सायकलनं पंधरा मिनिटं. जेवणाची सुट्टी बारा चाळीस ते दीड. हिशेब अगदी जमत होता. कार्यालय शहराच्या कडेला, पाण्याच्या टाक्यांपाशी आहे. तिथे भाड्याचं वाहन मिळालं तर त्या दिवशी जास्तीची प्रार्थना करावी, अशी परिस्थिती.

हिशेब बिघडला तो स्पर्धेमुळे. सगळ्या कार्यालयांमधून उत्तम सायकल निवारा निवडायचा होता आणि परीक्षक केव्हाही येणार होते. त्याआधी वरच्या कचेरीतले एक गृहस्थ सहज डोकावायला आले ते नेमके एक वाजता. चोवीस स्टँड, दोन कॅमेरे, एक सुभेदार, आणि सायकल नाही. साहेबांनी मला आत बोलावलं.

"ताई, दुपारी सायकल घेऊन कुठे जाता?"

"घरी, साहेब. अक्काच्या डोळ्यात औषध घालायला."

"ते जा हो. औषधाला माझी कधी ना आहे? पण सायकल कशाला नेता?"

साहेबांनीच तोड काढली. परीक्षण होईपर्यंत सायकल निवाऱ्यातून हलवायची नाही. मला सकाळी घरून आणायला, दुपारी अक्काकडे न्यायला आणि संध्याकाळी सोडायला कार्यालयाची जीप. "हवा स्वच्छ राहावी म्हणून आपण एवढं करतोय," ते म्हणाले, "तुमचाही हातभार लागू द्या. आणि दुसऱ्या कोणी हलवू नये म्हणून तुमच्याच हातानं सील करून टाका. तुमच्या सीलला कोणी हात लावत नाही."

सायकलीला सील लावू नये असं कुठल्याही नियमात नाही. मी मागच्या चाकातून आणि स्टँडच्या दांडीतून तार ओवली, शिसं चढवलं, पक्कड दाबली. वहीत लिहिलं: "सायकल, नग एक, सुस्थितीत." सुभेदारांनी सायकलीला सलाम ठोकला. मला कधी ठोकला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस जीप माझी सायकल वाचवत होती. चालक रोज डबा मांडीवर घेऊन बसायचा. "ताई, तुमच्या सायकलीला विश्रांती म्हणून माझं जेवण जीपमध्ये," तो म्हणायचा. "तिला सांगा, मी काही मनात धरलेलं नाही." तिकडे सुभेदार सायकल रोज पुसत, दर सोमवारी हवा भरत आणि वहीत लिहीत: "उपस्थित."

अक्काला गंमत वाटायची. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती खिडकीशी बसलेली असायची. "पूर्वी सायकल तुला कामावर न्यायची," ती म्हणाली, "आता तू जीपनं सायकलीला भेटायला जातेस. काही खाऊबिऊ नेतेस की रिकाम्या हातानं?"

"तू वर बघ. पापणी मिटू नकोस."

"मिटत नाही गं. हसले की आपोआप मिटते."

आणि मग परीक्षणाचा दिवस उजाडला. निरोप आदल्या दिवशीच फुटला होता. सकाळी आवारातल्या सगळ्या मोटारसायकली लांबच्या मैदानात नेऊन लावल्या, परीक्षकांना धूर दिसायला नको म्हणून. कोणी जागा सोडायची नाही असा हुकूम निघाला. बारा वाजता जीप परीक्षकांना आणायला गेली.

बारा पस्तीसला मी साहेबांच्या दारात उभी राहिले.

"आजचा दिवस थेंब उशिरा घाला ना," ते म्हणाले. "तासाभरानं काय बिघडतंय?"

"डोळा एकच आहे, साहेब."

"सायकलसुद्धा एकच आहे, ताई!"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी आवाज चढवत नाही, तो माझा दुसरा नेम. "बरं," एवढंच म्हणाले आणि बाकापाशी आले. मीटरमधून पाणी ठिबकत होतं, ते बंद केलं. ड्रॉवरमधून पक्कड घेतली, नोंदवही घेतली आणि निवाऱ्याकडे निघाले.

सुभेदार उठून उभे राहिले. "सील तोडणार?"

"कारण लिहून तोडणार."

"आज? ताई, आज तरी..." त्यांनी साहेबांच्या खिडकीकडे बघितलं. "कारण काय लिहिणार?"

मी वही त्यांच्या खुर्चीवर टेकवून वेळ टाकली, बारा चव्वेचाळीस, आणि रकान्यात लिहिलं: "वापरासाठी." सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"हे कारण मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी कुलूप काढलं. "बिल्ला ठेवून जा मात्र."

पंधरा दिवसांनी पॅडलवर पाय ठेवला. टाक्यांमागच्या रस्त्यावर पाइप फुटून चिखल झाला होता, त्यातूनच काढली. गुडघे कुरकुरले, पण चाकं नाही कुरकुरली. सुभेदारांनी तेल घातलेलं असणार. दारात पाय टेकला तेव्हा घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती.

"आज जीप वाजली नाही," अक्का आतून म्हणाली.

"सायकलनं आले."

"सुटली का बिचारी?"

"हो. वर बघ."

थेंब बरोबर मध्ये पडला. ती पाच मिनिटं डोळा मिटून पडली, तेवढ्यात मी तिच्या उशाशी उभ्या उभ्या माझी रोजची प्रार्थना म्हणून घेतली आणि निघाले.

परत आले तेव्हा एक अठ्ठावीस झाले होते. निवाऱ्यासमोर घोळका होता. परीक्षक म्हणजे एक वयस्क बाई, हातात फळी, फळीवर कागद. शेजारी साहेब. त्यांचा चेहरा बघून माझा पाय पॅडलवरून घसरला.

"बघा, आली!" साहेब ओरडले. "म्हटलं नव्हतं का, सगळ्या सायकली कामावर गेल्यात! ही पहिली परतली."

बाई माझ्याकडे वळल्या. "बाकीच्या तेवीस किती वाजता येतात?"

पहाटेची प्रार्थना त्या दिवशी पोचली नसावी. साहेब माझ्याकडे बघत होते, बाकीचं कार्यालय खिडक्यांतून बघत होतं. "सायकल एकच आहे, बाई," मी हळूच म्हणाले. "बाकीचे बिल्ले आहेत."

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी माझ्या मागच्या चाकाला बोट लावलं. बोटाला ओला चिखल लागला. तो त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आजवर अकरा निवारे पाहिले," त्या म्हणाल्या. "सगळे भरलेले. एकाही चाकाला माती नाही. एका ठिकाणी तर पॅडलवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं." मग त्यांनी सुभेदारांच्या खुर्चीवरची माझी नोंदवही उचलली, रकाना वाचला, बोट रुमालाला पुसलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. मानपत्रात "प्रत्यक्ष वापर" हे शब्द होते आणि साहेबांनी भाषणात ते नऊ वेळा उच्चारले. माझ्यावर ते रागावले नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं: निवाऱ्यातील सायकल दररोज बारा चव्वेचाळीसला बाहेर पडेल व एक अठ्ठावीसला परत येईल, तपासनीस ताई रजेवर असल्यास अन्य कर्मचाऱ्याने सायकल फिरवून आणावी, परतताना चाकास माती असल्याची खात्री सुभेदार करतील. शिवाय वापर सिद्ध झाल्यामुळे आणखी चोवीस स्टँड मंजूर झाली.

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी थेंब बंद केले. अक्काची पट्टी निघाली आणि तिनं पहिल्याच दिवशी घड्याळावरची धूळ, कोपऱ्यातलं जाळं आणि माझे पिकलेले केस, तिन्ही मला मोजून दाखवले.

परवा एक वाजता मी दारात उतरले तर ती म्हणाली, "अगं, थेंब संपले ना? मग अजून का धापा टाकत येतेस?"

"आदेश आहे."

"बरं झालं. आलीच आहेस तर बस. आणि येताना सायकल चिखलातून काय आणतेस? रस्ता तर चांगला झालाय आता."

"तोही आदेशच आहे."

ती खिडकीतून सायकल निरखत राहिली. तिला आता लांबचंही दिसतं. "सीट पार फाटलीय गं तुझी. सहा वर्षं भिजून भिजून झाली तशी. एवढं बक्षीस मिळवलंस, एक साधी सीट तर देतील. कर की अर्ज."

माझ्या डोळ्यांसमोर तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निघालेला दिसला.

"नको, अक्का," मी म्हणाले. "सुई-दोरा कुठे आहे सांग. मीच शिवते."