टोमण्यांचा उपवास

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये कोणी मटण सोडतं, कोणी चहा. यंदा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे सत्यशीलाबाईंनी, टोमणे सोडले. पहिल्या आठवड्यात आमच्या बिबवेवाडीच्या घरात एवढी शांतता पसरली, की मी डॉक्टरांना बोलवायच्या बेतात होते.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्या घेऊन येशूचं स्वागत करायच्या झावळ्यांच्या रविवारी, मात्र घात झाला. चर्चच्या गायनाची सगळी सूत्रं आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडेच. उपासनेआधीच्या सरावात शर्मिलाबाईंचा सूर नेहमीप्रमाणे भरकटला आणि आईंच्या तोंडून निसटलं, "शर्मिलाबाई, प्रभूचं स्वागत करायचंय, त्याला आल्या पावली परत नाही पाठवायचं!"

सगळे हसले. मीही हसले. शर्मिलाबाईंनी मात्र ओठ मिटले ते मिटलेच.

दुसऱ्याच दिवशी आईंनी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केलं, वर चहाही पाजला. विषय संपायला हवा होता. पण आईंचं टुमणं सुरू झालं, "शब्द देवाला दिला होता गं. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?" आठवडाभर त्या नीट जेवल्या नाहीत.

ईस्टरच्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आमच्या बाजूचे बाक उठू लागले. आई बसूनच. मी कोपर मारलं.

"तू जा. ती भाकर घ्यायची माझी लायकी नाही."

मला राग आला आणि रडूही. एवढ्यात पुढच्या बाकावरून शर्मिलाबाई वळल्या.

"काय हो, मी तुम्हाला माफ केलं ना?"

"केलंत की."

"एका साडीवरून जावेशी अजून अबोला धरलाय, ती मी! मला जमलं ते देवाला जमणार नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?"

आईंनी डोक्यावर पदर घेतला. त्या उठल्या. शर्मिलाबाईंच्या शेजारी गुडघे टेकले, भाकर हातात घेतली आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

शेवटचं गीत सुरू झालं. शर्मिलाबाई पुन्हा गाऊ लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला सूर सोडून निघाल्या. पेटीवाल्यानं घाबरून आईंकडे पाहिलं. आईंनी डोळे पुसले, आपला पक्का सूर सोडला आणि खुशाल शर्मिलाबाईंच्या मागोमाग निघाल्या.