शालीत गुंडाळलेला आवाज

खंडेनवमीला दुकानातल्या तराजूला, माझ्या शिलाई मशीनला भस्म लागलं, तसं सासऱ्यांनी ते लॅपटॉपलाही लावलं. झाकणावर ओल्या भस्माची तीन बोटं ओढली आणि उरलेलं कोरडं भस्म मोठ्या मायेनं बाजूच्या, पंख्याच्या जाळीवर सोडलं.

माझ्या सासऱ्यांचं, मन्मथअप्पांचं, शिवकीर्तन ऐकायला सिरसाळ्यात रस्ता भरायचा. पण ते कुणाला टेप करू देत नसत. "कीर्तन समोर बसून ऐकायचं असतंय," म्हणायचे. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं कीर्तन तेवढं माझ्या धाकट्या दिरानं, बसवेशभावजींनी, या जुन्या छोट्या लॅपटॉपवर भरून ठेवलं. सीडी करतो करतो म्हणत राहून गेलं. अप्पांचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

भस्म लागल्यापासून आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. कीर्तन ऐकू येईना. मग मीच अप्पांची लोकरी शाल त्याच्याभोवती गुंडाळली, आवाज येतो ती बाजू तेवढी उघडी ठेवली. घरघर दबली. अप्पांनी हात जोडले.

दुसऱ्या सकाळी कीर्तन लावलं आणि टक.

मला वाटलं, पाल. टक. टक. शालीतून येत होतं! अप्पांचा आवाज अडकला, एकच शब्द तीनदा आला, मग पुढे सरकला. हात लावला तर शाल तव्यासारखी. आमचे हे मालासाठी परळीला गेलेले. अप्पा डोळे मिटून मांडीवर ताल धरून होते. त्यांना ती टकटक चिपळ्यांचीच वाटत असणार.

मी भावजींना फोन लावला.

"भावजी, लॅपटॉप टकटक करायलाय. लई तापलाय."

"कुठं ठेवलाय?"

"शालीत."

"शालीत? त्याला काय थंडी वाजायली का, वैनी! काढा आधी." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "कीर्तन हाय ती आतली तबकडी खराब व्हायलीय. बंद करू नका, परत लागंल याचा भरवसा न्हाई. बोलतोय तवर टेपरेकॉर्डर लावा म्होरं."

"पंखाच भरंल की टेपात!"

"खालून हवा द्या, गप हुईल. पर हिसका बसू देऊ नका. हिसका बसला की संपलं."

पेटती समई उचलावी तसा तो उचलला. खाली चार वाट्या उपड्या सरकवल्या. शिलाई मशीनच्या ब्रशानं जाळीवरचं भस्म काढताना वैजनाथाचं नाव घेतलं तेही अर्धवट. पंखा जरा निवला. कोरी कॅसेट घरात नव्हती. माझ्या लग्नातल्या मंगलाष्टकांची घातली. सुरुवातीपासून लावायची छाती झाली नाही. चाललं होतं तिथूनच टेप सुरू केला.

मी ओठांवर बोट ठेवलं. अप्पांनी डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि त्यांचा ताल थांबला.

"कावेरीबाई, दूऽऽध!" दारात सटवा. मी दोन्ही हात हलवले. तो घागरीसकट तिथंच पुतळा झाला.

टकटक घाईला आली. अप्पांचा आवाज अभंगाच्या शेवटच्या चरणावर चढला आणि मधेच तुटला. पडदा निळा झाला. मग पंखाही थांबला.

टेप मागं न्यायचं धाडस मला होईना. अप्पांनीच बटण दाबलं.

आधी घरघरच मोठी. टक. मग, "कावेरीबाई, दूऽऽध!"

पण त्या हाकेमागून, खोल विहिरीतून यावा तसा, अप्पांचा आवाज वर आला. सटवाची हाक ऐकून अप्पांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाजाशिवाय.

शेवटचा चरण आला. चढला. तुटला.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. सून सासऱ्यापुढं कधी गायली नव्हती. मी पदर सावरला, आणि राहिलेले शब्द म्हटले.

अप्पांनी मांडीवर ताल धरला.