लंडनचे सात

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत माझी बायको कौसल्या अन्नाला शिवत नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोणी बोटीने रत्नागिरीला गेलं, तर एक दिवस कसाबसा निभायचा. पण आमची लेक सरोजिनी नर्सिंग शिकायला विमानाने लंडनला निघाली, तेव्हा मी वैतागलो. कौसल्या आठवड्यापूर्वीच तापातून उठली होती, उभं राहिलं तरी तिला घेरी यायची.

"किती लांब हो ता लंडन?"

"पाच हजार मैल. वाटेत दोन थांबे."

"मग पोचायला वेळ किती?"

तिकिटावर सगळं छापलेलं होतं. मंगळवारी दुपारी बाराला सांताक्रूझ, बुधवारी सकाळी सातला लंडन. मी बोटांवर मोजून सांगितलं, "एकोणीस तास. उद्या सातचा भोंगा झाला की पोर उतरली समज. मग गुमान जेव."

लालबागेत गिरणीचा भोंगा झाला की सगळ्यांचे सात वाजतात. तीस वर्षं मागावर काढलेल्या मला आणखी कुठले वेगळे सात असतील, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

बुधवारी अकराच्या सुट्टीत डबा सोडताना मी ऐटीत म्हणालो, "पोर पोचली रे लंडनला!"

समोर सूतकताईच्या रिंग खात्यातला बुधाजी बसला होता. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात कायम पुढे. तो म्हणाला, "दत्ताराम, हे सात कुठले? तिथले की आपले?"

त्याने सूत गुंडाळायची एक रिकामी बॉबिन खिडकीतल्या उन्हात धरली आणि सावकाश फिरवली. "ही पृथ्वी. ऊन आधी आपल्यावर येतं, त्यांच्यावर मागनं. त्यांचे सात म्हणजे आपले साडेबारा."

मी बॉबिन हातात घेऊन दोनदा फिरवून बघितली. खरंच की! आपण इथे डबा खातोय आणि तिकडे अजून उजाडलेलंही नाही. मला भलतीच गंमत वाटली. मग एकदम ध्यानात आलं. पोर अजून हवेत होती, आणि मी तिच्या आईला सकाळीच जेवायला लावलं होतं.

कौसल्येचा नेम मी मानत नाही. पण घास काही तोंडात जाईना. डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी चारला घरी आलो. कौसल्येने डबा उचलला, तो जड लागला.

"जेवलात नाय?"

मी सगळं सांगून टाकलं. ती भडकली. "म्हणजे मी भाकरी खाल्लंय तेव्हा पोर ढगात होती? आणि तुम्ही?"

"मी थांबलो साडेबारापर्यंत. मग सुट्टी संपलेली."

"तुम्ही तर हे मानत नाय."

"नाहीच मानत," मी म्हणालो.

ती चुलीपाशी गेली. भात ठेवला, ताट घेतलं, वाढलं. मग विचारलं, "आता तिथे किती वाजले?"

"अकरा. सकाळचे."

"म्हणजे तिचं जेवण व्हायचंय अजून." तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "आज तिला कोण वाढील हो?"