म्हणे भट्टी कोपली

मी बोलतेय, तांब्याची भट्टी. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. लोंढा गावाच्या पलीकडे, खाणीच्या वस्तीत मी उभी आहे आणि परवा मला पाडणार आहेत.

खाणीतला हिरवट दगड माझ्या पोटात टाकायचे, मी त्याचा रस करायचे. माझ्या तांब्याचे बंब आणि हंडे बेळगावच्या बाजारात चकाकायचे. ते कुणी माझे म्हटले नाहीत. धूर मात्र माझा! वस्तीत कुणी खोकलं की बोट माझ्याकडे. त्याच धुरावर घरच्या चुली पेटायच्या, हे खोकताना कुणाला आठवायचं नाही.

मालक अनगोळचे. त्यांनीच दारावर रंगवून घेतलं होतं, ‘ओले काही आत आणू नये’. तापल्या रसात पाणी पडलं की रस फुटून उडतो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रस ओतायचं काम कंग्राळीच्या भरमूचं. तो पळीसुद्धा आधी शेकून कोरडी करायचा. अख्ख्या वस्तीत माझा जीव होता तो त्याच्यावर.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात, त्या दिवशी ती वापरत नाहीत. मलाही विझवायचे. पण एका वर्षी मालकांना माल घाईनं हवा होता. पूजाही हवी आणि कामही हवं.

भरमू म्हणाला, "अण्णा, आज तिला इसावा द्यायचा असतोय न्हवं?"

"नारळ फोडला की झालं रं," मालक म्हणाले.

मला हार घातला, हळदकुंकू लावलं. मग माझ्या तोंडाशी रसानं भरलेलं कुंड होतं, त्याच्याच काठावर मालकांनी नारळ फोडला. दारावरची पाटी सगळ्यांनी वाचली होती, पण देवाचा नारळ कुणाला ओला वाटलाच नाही. भरमू समोर हात जोडून उभा होता. रस उसळला तो थेट त्याच्या तोंडावर. त्याचे दोन्ही डोळे गेले.

मालकांनी त्याच दुपारी सांगून टाकलं, भट्टी कोपली. सगळ्यांनी माना हलवल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी. पुढच्या वर्षापासून नारळ फोडू लागले, पण लांब, दाराबाहेर. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना. बोललं कुणीच नाही. अशा माणसांचा मला तिटकारा आहे.

खाण बंद पडली, मी विझले. माझ्या विटा रोज थोड्या थोड्या चोरीला जातात. आता मालकांचा मुलगा सौरव इथं हॉटेल बांधणार आहे. पाडायच्या आधी माझी माफी मागायला म्हणून काल तो आला, नारळ घेऊनच. भट्टी पाडणार असं ऐकून भरमूही आला, बायकोचा, यशोदाबाईचा हात धरून. म्हातारा झालाय.

चाचपडत त्यानं माझ्या गार विटांवर हात ठेवला.

"बाई, मी तर तुला इसावा द्या म्हणत हुतो," तो हळूच म्हणाला. "मग माझंच डोळं का घेतलंस गं?"

यशोदाबाई खाली बघत राहिली. सौरव नारळाची शेंडी सोलत होता.

भरमू, तेव्हा मी कोपले नव्हते रे. आज कोपलेय, आणि आज माझ्या पोटात विस्तव नाही.