टेकडीआडचे खडक

कॅस्पियनच्या काठचा तो दीपस्तंभ बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. डागडुजी करून, पांढरा रंग देऊन तो पाहायला खुला केला, तेव्हा सगळं गाव तिकडे लोटलं. म्हातारी उलमेकेन तेवढी घरी बसून होती.

"आपा, चला की," सून जानार म्हणाली. "जन्मभर लांबूनच बघितलात. आता कुणी अडवत नाही."

पूर्वी तिथे सरहद्दीचा पहारा असे, गावकऱ्यांना फाटकाशीही फिरकू देत नसत. पण उलमेकेनचं कारण वेगळंच होतं. तिचा नवरा तुर्सिन तरुणपणीच वादळात गेला. नाव भरकटून काळ्या खडकांवर फुटली. वाचलेला एक गडी सांगत आला, "दिवा दिसलाच नाही." म्हणजे दिव्याचा राखणदार सागिंदिक झोपला असणार, हे तिने मनात पक्कं धरलं. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. त्याची बायको वारली तेव्हाही गेली नाही.

सुनेने पिच्छाच सोडला नाही, तेव्हा ती निघाली. गुडघे धरत, थांबत थांबत वर पोचली. सज्जात सागिंदिकच लोकांना माहिती सांगत उभा होता. तिला पाहून तो बोलायचा थांबला.

तिने त्याच्याकडे पाठ केली. खाली गाव दिसलं, धक्का दिसला.

"जानार, काळे खडक कुठायत गं?"

"त्या टेकडीच्या पल्याड. इथून नाही दिसायचे."

उलमेकेन टेकडीकडे पाहत राहिली. इथून खडक दिसत नाहीत, तर खडकांवरून हा दिवा दिसणार कसा?

"त्या रात्री दिवा चालू होता?" तिने न वळताच विचारलं.

"होता," सागिंदिक म्हणाला.

"मग सांगायचं नाही?"

"आलो होतो सांगायला. तुम्ही अंगावर कुत्रं सोडलंत."

"चावलं होतं?"

"चांगलंच."

तिने कठडा घट्ट धरला. इतकी वर्षं राग धरायला एक माणूस तरी होता. आता नुसता वारा आणि पाणी उरलं. तुर्सिनसाठी तिचे डोळे फार दिवसांनी भरून आले.

मग ती म्हणाली, "दर शुक्रवारी तुर्सिनच्या नावाने पोळ्या तळून वाटते. या वेळी तुमच्या बायकोच्याही नावाने तळीन. घरी या."

"येईन," सागिंदिक म्हणाला.

लोक खोळंबले होते. तो पुन्हा त्यांना दिव्याच्या भिंगाबद्दल सांगू लागला. उलमेकेन तिथेच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.