चौथी गैरहजेरी

प्यो से-रानने तो निरोप पुन्हा खोडला. ‘प्रिय विद्यार्थी, आपण मागे पडत आहात. उमेद सोडू नका!’ खाली हसरा चेहरा. ती जिथे शिकवायची त्या ऑनलाइन ‘सायबर विद्यापीठा’कडून तीन गैरहजेऱ्या झालेल्यांना हाच मजकूर जायचा. चौथीला विषय नापास.

मागच्या आठवड्यात तिने तो न वाचताच माल-सुन आजींना पाठवला होता. एकाहत्तर वर्षांच्या आजी फोहांग या कोरियन बंदराच्या मासळीबाजारात खानावळ चालवत. तासाभरात त्यांचा फोन आला.

“बाई, मागे कोण पडलंय? तुमचं वाक्य न् वाक्य वहीत उतरवलंय मी. विचारा कुठलंही.”

से-रानने विचारलं. तिसऱ्या पाठात ती कुठे खोकली, तेही आजींच्या वहीत होतं.

हजेरीच्या नोंदी उघडल्यावर उलगडा झाला. आजी वाक्यागणिक व्हिडिओ थांबवत, लिहीत, मध्येच गिऱ्हाइकाला सूप वाढून येत. तीन मिनिटांहून जास्त थांबलं की पाठ आपोआप बंद पडे आणि गैरहजेरी लागे. व्हिडिओ लावून झोपणारे मात्र रोज हजर.

विभागप्रमुख कू साहेबांनी कॉफी ढवळत सगळं ऐकून घेतलं. हाताने हजेरी लावलीत तर तुमच्या पुढच्या वर्षीच्या कराराचं बघावं लागेल, असं आडून सुचवलं.

“नातवाला पाठ चालू ठेवायचं बटण दाबायला बसवा म्हणावं. सगळे तेच करतात.”

“त्या नाही करणार.”

“मग होऊ दे नापास.”

सोमवारी से-रान कॅमेऱ्यासमोर बसली. अनुभवलेखनाचा सातवा पाठ. एक वाक्य सांगितलं, मग प्रश्न टाकला, “आईशी पहिल्यांदा खोटं कधी बोललात? लिहा.” आणि खिशातून जेजू बेटावरचं संत्रं काढून सोलायला घेतलं. कॅमेऱ्यामागच्या बाईने थांबवायची खूण केली.

“चालू राहू दे,” से-रान म्हणाली.

व्हिडिओ चालू हवा, असा नियम होता. शिक्षकाने बोलत राहावं, असा नव्हता. चार मिनिटं ती गप्प बसून फोडी खात राहिली. मग दुसरं वाक्य.

आठवडा संपला तेव्हा आजींच्या नावापुढे हजेरी लागली होती. सहा आठवडे कोऱ्या राहिलेल्या चर्चाफलकावर त्यांची एक ओळ होती, ‘बाई, संत्र्याच्या शिरा नीट काढून खा. मला घाई नाही, लिहितेय.’ खाली कुणा अनोळखी विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘मीही. पण चार मिनिटं कमी पडतात.’

टेबलावर कू साहेबांचा फोन वाजत होता. से-रानने तो वाजू दिला आणि पुढच्या पाठासाठी पिशवीत दोन संत्री टाकली.